रांगेतली मोकळी जागा

दर निवडणुकीला आमच्या शाळेच्या केंद्रावर एक म्हातारा माणूस दोनदा रांगेत उभा राहतो आणि मत एकदाच देतो. पहिल्या रांगेतून तो आत जातो, बोटाला शाई लावून बाहेर येतो, ती सुकेपर्यंत नळाजवळ थांबतो आणि पुन्हा मागे जाऊन रांग धरतो. या दुसऱ्या रांगेत तो आपल्या पुढे एका माणसाची जागा मोकळी ठेवतो. रांग सरकली की ती जागाही सरकते. दारापर्यंत पोचला की क्षणभर थांबतो, आत बघतो, आणि बाजूला होऊन घरी जातो. ड्यूटीवरचा पोलीस नवा असला की माझ्याकडे बघतो. मी मान हलवते, तो गप्प बसतो.

त्यांचं नाव मकबूल शिकलगार. ते वेडे नाहीत. मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवते आहे, कोणाचं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचं नाही हे मला कळतं. त्यांना ही दुसरी रांग धरायला मी लावलं, असं मी बरीच वर्षं समजत होते. का समजत होते ते कोणाला सांगितलेलं नाही. आता निवृत्तीला थोडे महिने राहिले आहेत, तेव्हा लिहून टाकते.

मी मंदाकिनी घारपुरे. शिक्षिका, आणि त्यावर बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणारी बाई. घरोघर जाऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं हे लिहायचं आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी टेबल टाकून लोकांना त्यांचा अनुक्रमांक शोधून द्यायचा. सरकारला माणूस कमी पडला की मास्तर आठवतो, हे नवीन नाही. मी राहतेही त्याच भागात, त्यामुळे माझं स्वतःचं नावही त्याच यादीत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मकबूलभाईंचं दुकान बुधवार पेठेत, स्पीकर आणि वायरींच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली. रबरी शिक्क्यांचं. एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला शिशाच्या अक्षरांचे खण. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, त्यांच्याकडेही मशीन आहे, पण सरकारी गोल शिक्का असला की ते अजून एकेक अक्षर चिमट्याने उचलून जुळवतात. उलटं लावायचं, उलटंच वाचायचं. "आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील कात्र्यांना, मी अक्षरांना लावतो," असं ते सांगतात. दुकानावर पाटी आहे: ‘लेखी पत्राशिवाय शिक्का मिळणार नाही. ओळख सांगू नये.’

मी पहिल्यांदा गेले ती शाळेचा शिक्का झिजला म्हणून, पत्र घेऊनच. त्यांनी ते वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"मुख्याध्यापिकांची सही नाही."

"अहो, मी त्याच शाळेत शिकवते. ती काय, इथून दिसते शाळा."

"शाळा दिसते. सही दिसत नाही."

पुण्यात जन्म गेला, पण मला असं कोणी परत फिरवलेलं नव्हतं. पाय आपटत परत गेले, सही आणली, शिक्का घेतला. शिक्का मात्र असा होता की शाळेच्या नावातला एकही काना मोडला नव्हता. नंतर कळलं की या माणसाने उभ्या आयुष्यात एकही खोटा शिक्का केलेला नाही. कोणी डॉक्टरचा मागितला, कोणी तलाठ्याचा. सगळ्यांना त्याने पाटी वाचायला सांगितली. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला होता, आणि तो मी जपून ठेवला.

घरात दोघंच. बायको नाजिमा मुलगा अकरा वर्षांचा असताना गेली. मुलगा जुनेद. शाळेत अभ्यासात यथातथा, पण पळण्यात कोणाला ऐकायचा नाही. त्याला पळवलं आमच्या पेठेत शिकवणाऱ्या श्यामसुंदर काळोखे सरांनी. सर पीटी शिकवायचे आणि सकाळी पोरांना घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढायचे. सरांचा दुसरा नाद निवडणुकीचा. लोकसभा असो, विधानसभा असो, सर अपक्ष उभे राहणारच आणि पडणारच. चिन्ह म्हणून दर वेळी शिट्टी मागायचे आणि मिळायचा प्रेशर कुकर. त्यालाही शिट्टी असते, असं म्हणून समाधान मानायचे. निकाल लागला की कुठल्या केंद्रावर किती मतं पडली त्याचा सरकारी तक्ता मिळवायचे, त्याच्या प्रती काढायचे आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक पाठवायचे. खाली हाताने लिहायचे, ‘तुमच्या केंद्रावर चार. आभारी आहे.’ लोक हसायचे. मीही हसायचे.

त्या पायऱ्यांवर पळून जुनेद एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला.

दोन हजार एकोणीसच्या एप्रिलमधली लोकसभेची निवडणूक. ऊन असं की टेबलावरची यादीसुद्धा तापली होती. मकबूलभाई आले, अनुक्रमांक घेतला, मत देऊन बाहेर पडले. दहा मिनिटांनी बघते तर पुन्हा रांगेत.

मी टेबलावरूनच ओरडले, "अहो, परत कुठे निघालात? तुमचं झालंय. बोट दाखवा."

त्यांनी शाईचं बोट दाखवलं. "माझं झालं, बाई. हे जुनेदचं आहे."

"इथे एकाला एकच मत असतं. लोकांच्या सह्या तपासता आणि स्वतःचं बोट कोण तपासणार, असं वाटलं का?"

सगळी रांग वळली. कोणी हसलं. कोणी मागून एक शब्द टाकला, तो मी लिहिणार नाही, पण मी त्या माणसाला गप्पही केलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात फक्त शिक्क्याचा राग नव्हता. यादीत त्यांचं नाव वाचूनच माझं मन संशयाला तयार होऊन बसलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आतून केंद्राध्यक्ष एक वेगळी यादी घेऊन आले. "बाई, यांचा मुलगा सैन्यात आहे. त्याने यांना नेमलंय."

सैनिकाला दूर असताना दोन वाटा असतात. टपालाने मत द्यायचं, नाहीतर गावातल्या आपल्या माणसाला लिहून द्यायचं की माझ्या वतीने तू दे. असा माणूस आला की त्याच्या स्वतःच्या मताची शाई अंगठ्याजवळच्या बोटाला लावतात आणि सैनिकाच्या मताची मधल्या बोटाला. प्रशिक्षणात हे सांगितलं असणार. तेव्हा मी बहुतेक चहा शोधत होते.

माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं, "मग दोन्ही एकदमच का नाही दिलीत? एवढ्या उन्हात दोन रांगा कशाला?"

"तो स्वतः आला असता तर रांगेत उभा राहिला असता," ते म्हणाले. "त्याच्या मताने मध्ये का घुसायचं?"

आणि ते रांगेतून पुढे गेले. परत आले तेव्हा दोन बोटं काळी होती. माझ्याकडे न बघता निघून गेले. मला वाटलं, माझ्यावर रागावले. ते कारण नव्हतं, हे मला सप्टेंबरात कळलं.

ऑगस्टमध्ये जुनेद गेला. वरच्या डोंगरात, पावसात रस्ता खचला आणि त्यांची गाडी दरीत कोसळली. चोवीस वर्षांचा होता. पेटी आली ती तिरंग्यात गुंडाळून. सगळी पेठ रस्त्यावर होती. घोषणा, फुलं, मोबाइल वर धरलेले हात. एप्रिलमध्ये ज्याने तो शब्द टाकला होता तो झेंडा धरून सगळ्यांत पुढे होता. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर जुनेदच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे, आणि नावाआधी हुद्दा लिहिलेला ‘नाईक’.

मकबूलभाई दुसऱ्या दिवशी त्या फ्लेक्सखाली जाऊन उभे राहिले. "तो शिपाई होता," ते म्हणाले. "नाईक झाला नव्हता. जे नव्हतं ते लिहू नका." फ्लेक्सवाल्यांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झालेत. तीन दिवस ते रोज जाऊन तेच सांगत राहिले. चौथ्या दिवशी कोणीतरी त्या शब्दावर पांढरा कागद चिकटवला.

मी समाचाराला गेले होते, पण बायकांच्या गर्दीत बसून परत आले. एप्रिलची माफी तेव्हाही माझ्या घशातच राहिली.

सप्टेंबरात एके दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच डबा खात होते. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पण उघडला नाही.

"बाई, यादीत नाव चुकलं तर दुरुस्तीचा फॉर्म असतो ना?"

"असतो."

"पत्ता चुकला तर?"

"त्यालाही तोच."

"मत चुकलं तर?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी मग कागद उघडून डब्याशेजारी ठेवला. काळोखे सरांचा तक्ता होता. खाली सरांचं अक्षर: ‘जुनेद, तुझ्या केंद्रावर या खेपेला शून्य. हरकत नाही. प्रकृतीला जप.’ आणि तक्त्यातल्या त्या शून्याभोवती पेन्सिलीने काढलेला एक गोल.

"त्याच्या ट्रंकेतून आला," ते म्हणाले. "सैन्याने त्याचं सामान पाठवलं. गणवेश, बूट, आईचा फोटो. त्यात हा. गोल त्याने केलाय."

मग त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये जुनेदचा फोन आला होता. म्हणाला, अब्बा, माझं मत सरांना द्या. मकबूलभाईंनी समजावलं, सर पडणार, वाया जाईल. तो हसला. म्हणाला, माझंच आहे ना? मग वाया जाऊ दे. सरांनी मला पायऱ्या चढवल्या, एवढं तरी करतो. त्या दिवशी तुमचा हात माझा आहे.

"यंत्रापुढे उभा राहिलो. कुकर अगदी खाली होता. बोट तिकडे नेलंही. मग मनात आलं, पोरगं तिकडे डोंगरात उभं आहे, त्याच्या मताने काहीतरी घडायला हवं. असं फुकट कशाला जावं? आणि मी माझ्या मनातलं बटण दाबलं. मी बाप आहे, मला जास्त कळतं, असं वाटलं. गुप्त मत, कोणाला कळणार? पण शून्यात काही लपत नाही, बाई. एक जरी आकडा असता तरी त्याला वाटलं असतं, हे माझंच."

"त्याने विचारलं तुम्हाला?"

"नाही. हा कागद मिळाल्यावरसुद्धा तीनदा फोन आला. गुडघा कसा आहे, दुकान कसं आहे, सगळं विचारलं. मताचं अवाक्षर नाही. फक्त शेवटच्या फोनवर म्हणाला, अब्बा, पुढच्या निवडणुकीला मी सुट्टी घेऊन येतो, स्वतःच देतो. मला आनंद झाला, पोरगं ऑक्टोबरात येणार म्हणून. मी गल्लीत सांगत सुटलो." त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "आयुष्यात एक खोटा शिक्का मारला, तो त्याच्या नावावर. देशासाठी जीव देणारा, देशभक्त, असं लोक मला येऊन सांगतात. त्या देशात त्याचं म्हणून एकच मत होतं आणि ते त्याच्या बापाने चोरलं. रोज सकाळी दुकान उघडतो आणि वाटतं, जिन्यावर बूट वाजतायत. तो मत मागायला आलाय."

मला रडू येत होतं आणि राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "असा फॉर्म नसतो, मकबूलभाई."

"विचारून बघितलं," ते म्हणाले आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "डबा खा, बाई. गार झाला."

ऑक्टोबरात विधानसभा आली. काळोखे सर उभे होते, कुकरसकट. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी केंद्राध्यक्षांनी सगळे कागद तपासायला काढले तेव्हा मी तिथेच होते. सैनिकांच्या यादीत जुनेद मकबूल शिकलगार हे नाव तसंच होतं, आणि पुढे वतीने मत देणारा म्हणून वडिलांचं. दोन महिन्यांत कागद एवढा प्रवास करत नाहीत. मुलगा गेला की वडिलांचा अधिकारही संपतो, हे मला माहीत होतं. ते नाव दाखवून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मनात आलं, ते आले, मधल्या बोटाला शाई लावून घेतली आणि कुकर दाबला, तर कोणाचं काय जाणार आहे? तो गुन्हा आहे, हेही त्याच वेळी मनात येत होतं. रात्रभर दोन्ही विचार माझ्याशेजारी पडून होते.

सकाळी सातला पहिलं मत मी दिलं. मी आतापर्यंत कोणाला मत दिलं ते घरातही बोललेले नाही. त्या दिवशी यंत्रापुढे उभी राहिले आणि डोळ्यांपुढे तो पेन्सिलीचा गोल आला. पुन्हा शून्य यायला नको, एवढं एकच मला कळत होतं. आणि एप्रिलचं माझं ओरडणं कानात होतं. मी कुकर दाबला. मला सर निवडून यायला नको होते. माफी मागायची राहिली होती, ती मी तिथे मागितली. हे करायची ती जागा नव्हती.

अकराला मकबूलभाई आले. पहिली रांग, पहिलं बोट. बाहेर येऊन नळाजवळ थांबले आणि पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. लोक आदराने बाजूला होत होते, "चाचा, तुम्ही पुढे जा," म्हणत होते. एप्रिलमध्ये हसलेलेच. ते कोणाच्याही पुढे गेले नाहीत. त्यांचा नंबर आला तेव्हा मी टेबल सोडून दाराशी गेले.

केंद्रात एक पद्धत असते. पहिला अधिकारी मतदाराचं नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना हरकत असली तर घेता येते. अधिकाऱ्याने सैनिकांची यादी उघडली आणि वाचलं, "जुनेद मकबूल शिकलगार."

प्रतिनिधी तिघेही पेठेतलेच, तिघांनाही जुनेद गेलेला माहीत. तिघांनी माना खाली घातल्या. त्यांनाही वाटलं असणार, देऊ दे म्हाताऱ्याला. अधिकारी बाहेरगावचा होता. त्याने विचारलं, "कोणाची हरकत?"

"माझी आहे," मकबूलभाई म्हणाले.

अधिकाऱ्याने वर बघितलं.

"मतदार मयत आहे. ऑगस्टमध्ये गेला. तुमच्या कागदाला माहीत नाही, म्हणून सांगायला आलो. यादीत लिहून घ्या." आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "नाव मोठ्याने वाचलंत, बरं केलंत. या खोलीत त्याचं नाव एकदा घेतलं जायला हवं होतं."

केंद्राध्यक्ष उभे राहिले. त्यांनी नावापुढे नोंद केली. मकबूलभाई वाकून ती नीट वाचेपर्यंत हलले नाहीत. बाहेर येताना मी दारातच रडत उभी होते. त्यांनी रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या टेबलावर कोणी नाही. लोक खोळंबलेत."

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. एक माणूस चुकला, त्याने दुसऱ्यांदा चुकायचं नाकारलं. मी ती वर्गात पोरांना सांगितली असती.

नोव्हेंबरात ते पुन्हा शाळेत आले. चेहरा वेगळाच, उजळलेला. अशा चेहऱ्याची मला भीती वाटली. हातात काळोखे सरांचा नवा तक्ता. आमच्या केंद्रापुढे आकडा होता दोन.

"मी माझं मत सरांना दिलं होतं," ते म्हणाले. "त्याचं घेतलं होतं, तेव्हा माझं देऊन टाकलं. एक यायला हवा होता. दोन कसे आले, बाई?"

मी समोरच्या वह्यांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

"पेठेत विचारून आलो सगळ्यांना. सगळे हसतात. सरांना कोण देणार, म्हणतात. सर स्वतः कर्वेनगरला राहतात, त्यांचं मत तिकडे." ते तक्त्यावर बोट ठेवून उभे होते. "तो म्हणाला होता ना, सुट्टी घेऊन येतो, स्वतःच देतो?"

मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण समोर त्यांचा तो चेहरा होता, आणि मी म्हटलं, "मत गुप्त असतं, मकबूलभाई." नियमाच्या मागे लपले. त्या माणसाला मी शांतता द्यायला गेले होते आणि दारात भूत उभं करून आले.

त्यानंतर साडेचार वर्षं मोठी निवडणूक नव्हती; मधल्या पोटनिवडणुकीला मी रजेवर होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळोखे सर गेले. मी वाटेत मकबूलभाईंना भेटायचे, शिक्क्याला रबर चांगलं मिळत नाही वगैरे बोलणं व्हायचं. मला वाटलं, विसरले.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात लोकसभा आली आणि ते पुन्हा दुसऱ्या रांगेत दिसले. पुढे ती मोकळी जागा. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "हे काय?"

"सुट्टी घेऊन येणार होता ना," ते म्हणाले. "या खेपेला दारापर्यंत सोडतो."

"पण सर तर आता नाहीत. कुकर नाही."

"कोणाला द्यायचं ते त्याचं तो बघेल. मी आता विचारत नाही."

मी टेबलाशी येऊन बसले. यादीतली नावं दिसेनात. तासभर ती जागा उन्हात सरकत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. एकदा तर मला त्या जागेत बारीक कापलेल्या केसांची मान दिसली. मी माझ्या मनाला दटावलं. मान दिसायची थांबली, पण दिसली होती, हे मी नाकारू शकत नाही. तेव्हापासून झोपेत मला एक आवाज नाव वाचताना ऐकू येतो आणि विचारतो, कोणाची हरकत? मी हात वर करायला जाते आणि तो उचलत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा विधानसभा. ठरवलं की आज सांगायचं. काहीही होवो. मकबूलभाई आले, आता काठी घेऊन. पहिलं मत दिलं, नळाजवळ उभे राहिले. मी टेबल सोडून त्यांच्याकडे गेले.

"मकबूलभाई, त्या वेळचं ते दुसरं मत..."

त्यांनी शाईचं बोट वर केलं. "बाई, मत गुप्त असतं."

"पण तुम्हाला कळायला हवं. तुम्ही समजता तसं ते..."

"मी उलटी अक्षरं वाचणारा माणूस आहे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी तुमचा चेहरा वाचायला मला किती वेळ लागला असेल? घरी जाईपर्यंत कळलं होतं."

पाच वर्षं मी जे छातीवर घेऊन फिरत होते ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग ही रांग? ही जागा?"

"तुमचं मत तुमचं होतं. दुसऱ्याच्या नावाने दिलं असं म्हणू नका. तसं केलं की काय होतं ते मला विचारा." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माफी म्हणून दिलं असेल तर ती पोचली. एप्रिलचीही पोचली. पण माझ्या पोराचं मत अजून राहिलंय ना. ते मी देऊ शकत नाही, तुम्हीही देऊ शकत नाही. निदान त्याची रांगेतली जागा तरी कोणी घेऊ नये." आणि रांगेकडे वळत म्हणाले, "जाऊ द्या आता मला. तो उभा आहे."

ते मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे एक हात जागा, त्यापुढे पिशवी घेतलेली एक बाई. मी डोळे पुसले आणि टेबलाशी आले. रांग सरकली, जागा सरकली. मकबूलभाईंच्या मागे एक तरुण होता, कानात इयरफोन, पहिल्यांदाच मत द्यायला आलेला. तो सारखा घड्याळात बघत होता. शेवटी वैतागला.

"अंकल, मूव्ह करा ना पुढे. मध्ये कोणीच नाहीये."

मकबूलभाई काठी रोवून तिथेच उभे राहिले. मी यादी बंद केली आणि उभी राहिले. पेठेत ऐकू जाईल अशा आवाजात, पाच वर्षांपूर्वी याच जागेवरून ओरडले होते त्याच आवाजात मी म्हटलं, "आहे. तुम्ही मागे थांबा."